न गळलेलं पान

फाल्गुनात अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, राजूर-भंडारदऱ्याकडे गेलं की वाळलेली पानं दोन तऱ्हांची दिसतात. एक झाडाखालची: सागाची, ऐनाची, पाय पडला की वाजणारी. दुसरी राबासाठी तोडून ठेवलेल्या टहाळावरची. भाताचं, नागलीचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजावी लागते. त्यासाठी फांद्या हिरव्या असतानाच तोडतात, सुकवतात आणि पावसाआधी वाफ्यावर पसरून पेटवतात. झाडाखालचं पान देठापासून अलगद सुटलेलं असतं. टहाळावरचं पानही तितकंच वाळलेलं, पण ते फांदीला चिकटून राहतं. ओढलं तर तुटतं, गळत मात्र नाही.

कारण गळणं हे जिवंत झाडाचं काम आहे. पान सोडायच्या आधी झाड त्यातलं उपयोगाचं बरंचसं परत ओढून घेतं, देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार करतं, तो सैल करतं आणि मागे उरणारी जखमही बुजवतं. तोडलेल्या फांदीला ह्यातलं काहीच जमत नाही. तिचं पान नुसतं मरतं.

1972 साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये जॉन केर, अँड्र्यू वायली आणि अ‍ॅलिस्टर करी ह्या तीन विकृतीशास्त्रज्ञांनी नेमका हाच फरक पेशींमध्ये दाखवला. मार लागून, विष भिनून किंवा रक्तपुरवठा तुटून मरणारी पेशी फुगते, फुटते आणि आजूबाजूला सूज आणते. हे टहाळाचं मरण. पण शरीरात दुसरंही एक मरण सारखं चालू असतं. त्यात पेशी स्वतःच आखडते, आपला डीएनए कापते, आतलं सगळं लहान लहान पुड्यांत बांधते आणि शेजारच्या पेशी त्या पुड्या गिळून टाकतात. सूज नाही, पू नाही, मागमूस नाही. ह्या मरणाला नाव हवं होतं. अ‍ॅबर्डीन विद्यापीठातले ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक ह्यांनी सुचवलं: अ‍ॅपॉप्टोसिस. म्हणजे झाडाची पानं, फुलाच्या पाकळ्या गळणं. मराठीत आपण त्याला ‘पूर्वनियोजित पेशीमृत्यू’ असं सरकारी योजनेसारखं नाव देऊन बसलो, आणि ‘पानगळ’ हा तयार शब्द दारात पडून राहिला.

ही पानगळ किती काटेकोर असते ते एका मिलिमीटरभर लांबीच्या किड्याने दाखवून दिलं. सी. एलिगन्स नावाच्या ह्या कृमीच्या शरीरात वाढीच्या काळात 1,090 पेशी तयार होतात आणि त्यांतल्या 131 मरतात. दर वेळी 131, आणि दर वेळी त्याच. हे हिशेब मांडणाऱ्या सिडनी ब्रेनर, जॉन सल्स्टन आणि रॉबर्ट हॉर्विट्झ ह्यांना 2002 चं नोबेल मिळालं. आपल्या बाबतीत आकडा असा ठरलेला नाही, पण आईच्या पोटात असताना हाताचा पंजा आधी वल्ह्यासारखा असतो आणि बोटांमधल्या पेशी मरतात म्हणून बोटं सुटी होतात. मरणाने कोरलेला हात घेऊनच आपण जन्माला येतो.

हे इतकं लांबवर सांगायचं कारण असं, की कॅन्सरबद्दल आपण शाळेपासून अर्धंच वाक्य शिकलोय: ‘पेशींची बेसुमार वाढ’. दुसरं अर्ध 1988 साली मेलबर्नमध्ये नीट पुढे आलं. डेव्हिड व्हॉ आणि त्यांचे सहकारी एका प्रकारच्या लिम्फोमात सापडलेलं बीसीएल-2 हे जनुक तपासत होते. हे जनुक पेशीला वाढायला लावतच नाही, असं दिसलं. ते फक्त तिला मरू देत नाही. म्हणजे काही कॅन्सर हे न गळलेल्या पानांचे ढीग असतात. ह्या एका शोधातून औषध निघायला जवळजवळ तीन दशकं गेली. बीसीएल-2 ची पकड सोडवणारं व्हेनेटोक्लॅक्स अमेरिकेत 2016 साली मंजूर झालं.

तर मग कॅन्सरवरचा इलाज म्हणजे मारणं की मरू देणं? माझ्या मते विसाव्या शतकातल्या बहुतेक उपचारांची भाषा टहाळाची होती: तोडा, जाळा, विष घाला. ती चुकीची नव्हती, तिने लाखो माणसं वाचवली. पण किरणोपचार आणि केमोसुद्धा बऱ्याचदा काम करतात ते पेशीला तिच्या स्वतःच्या मरणाच्या वाटेला लावूनच, हे पुढे कळलं. जिथे ती वाटच बुजलेली असते तिथे औषध कितीही ओता, पान फांदीवरच राहतं.

राजूरपासून सुरुवात केली त्याला आणखी एक कारण आहे. पेशींवर काम करणाऱ्या भारतातल्या अगदी पहिल्या पिढीतली एक बाई उत्तरायुष्यात इथे आली होती. कमल रणदिवे. 8 नोव्हेंबर 1917 चा जन्म, पुण्याचा. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. शाळा हुजूरपागा, पदवी फर्ग्युसनची. मुलीने डॉक्टर व्हावं अशी वडिलांची इच्छा होती म्हणतात, पण ती पुण्याच्या शेतकी कॉलेजात गेली आणि एम.एस्सी.ला विषय घेतला सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींचा. लग्नानंतर मुंबईला आल्यावर परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात काम, आणि तिथे व्ही. आर. खानोलकरांसारखा मार्गदर्शक. 1949 साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. झाली आणि मग फेलोशिपवर त्या अमेरिकेला, बाल्टिमोरला जॉर्ज गाय ह्यांच्या प्रयोगशाळेत ऊती-संवर्धन शिकायला गेल्या. ऊती-संवर्धन म्हणजे शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जगवणं.

जॉर्ज गाय ह्यांचं नाव विज्ञानाच्या इतिहासात एकाच गोष्टीने राहिलंय. 1951 साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स नावाची स्त्री आली. कृष्णवर्णीय, व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या शेतात राबून मोठी झालेली, पाच मुलांची आई. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता. तिच्या गाठीचा एक तुकडा तिला न विचारता गाय ह्यांच्याकडे गेला. तोवर माणसाच्या पेशी भांड्यात काही दिवस तग धरत आणि मरत. ह्या मेल्या नाहीत. ‘हेला’ नावाने त्या जगभर गेल्या, आजही वाढतायत. हेन्रिएटा त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला गेली, वयाच्या 31 व्या वर्षी. तिच्या घरच्यांना ह्या पेशींची गोष्ट वीसेक वर्षांनी कळली, आणि एका मोठ्या कंपनीबरोबर वारसांची तडजोड झाली ती 2023 साली.

ह्या पेशी मरत का नाहीत? उत्तर टप्प्याटप्प्याने आलं. जर्मनीतल्या हाराल्ड त्सुर हाउझेन ह्यांच्या गटाने 1983-84 मध्ये ह्या कॅन्सरमागचे एचपीव्ही ह्या विषाणूचे दोन प्रकार शोधले, 16 आणि 18 क्रमांकाचे. हेलाच्या पेशींमध्ये 18 क्रमांकाचा निघाला. त्सुर हाउझेनना 2008 चं नोबेल मिळालं. हा विषाणू करतो काय, तर पेशीत पी-53 नावाचं एक प्रथिन असतं. डीएनए बिघडला की ते पेशीला थांबवतं, आणि बिघाड दुरुस्त होण्याजोगा नसेल तर पानगळ सुरू करतं. विषाणूचं ई-6 हे प्रथिन ह्या पी-53 ला धरून पेशीच्याच मोडीच्या कारखान्यात पाठवतं. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे: हेलाच्या पेशींमध्ये पी-53 चं जनुक शाबूत आहे. प्रयोगशाळेत विषाणूची ती जनुकं गप्प केली की पी-53 पुन्हा साचतं, पेशींची वाढ थांबते, काही प्रयोगांत त्या मरतातही. लोक त्यांना ‘अमर’ म्हणतात. पण त्या मरायला विसरलेल्या नाहीत. त्यांना मरू दिलं जात नाहीये.

रणदिवे बाल्टिमोरहून परत आल्या आणि मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी ऊती-संवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातली ती पहिली मानली जाते. पेशींना लागणारं पोषक माध्यम बाहेरून आणण्याऐवजी त्या आणि त्यांचे सहकारी साठच्या दशकात इथेच तयार करू लागले. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ज्याने प्रयोगशाळेत काम केलंय त्याला ठाऊक आहे की माध्यम नसेल तर बाकी सगळी विद्वत्ता फुकट. स्तनाचा कॅन्सर, आनुवंशिकता आणि संप्रेरकं ह्यांच्या संबंधावरचं त्यांचं काम, कुष्ठरोगावरच्या लसीच्या वाटेवरचं काम, 1966 ते 1970 ह्या काळातलं संस्थेचं प्रभारी संचालकपद, 1973 साली भारतीय महिला वैज्ञानिक संघाची स्थापना, 1982 चं पद्मभूषण. ही यादी कुठेही मिळते.

यादीच्या शेवटी, बहुतेक ठिकाणी एका ओळीत, येतं की राजूरच्या सत्यनिकेतन ह्या संस्थेसाठी त्यांनी अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या कुपोषणाची पाहणी केली आणि वैज्ञानिक संघाच्या मार्फत नगर जिल्ह्यातल्या ग्रामीण बायकांच्या आरोग्याचं काम केलं. चरित्रकार ही ओळ अशा सुरात लिहितात की मुख्य काम संपलं, आता समाजसेवा. मला हा सूर मान्य नाही.

एक तर विषय तुटलेला नाही. महादेव कोळ्याच्या किंवा ठाकराच्या घरातलं जे मूल भादव्यात, जुनं धान्य संपून नवं यायच्या मधल्या काळात, अर्धपोटी राहतं, त्याच्या छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. रोगप्रतिकार करणाऱ्या टी-पेशी इथे तयार होतात. निरोगी मुलातही इथली पानगळ जबर असते. तयार होणाऱ्या पेशींपैकी बहुसंख्य इथेच गाळल्या जातात, म्हणजे निकामी किंवा स्वतःच्याच शरीरावर उलटतील अशा पेशी बाहेर पडू नयेत. पण उपासमारीत शरीरातलं कॉर्टिसॉल वाढतं आणि थायमसच्या पेशी अवेळी, घाऊक मरू लागतात. ग्रंथी इतकी आक्रसते की वैद्यकात ह्याला शस्त्रक्रियेवाचून थायमस काढण्याची उपमा दिली जाते. मग गोवर, न्यूमोनिया, जुलाब ह्यांतलं काहीही त्या मुलाला पुरतं. पेशीमृत्यूच्या अभ्यासातला गाजलेला प्रयोगही थायमसवरचाच. 1980 साली वायलीने उंदराच्या थायमसच्या पेशींना ह्याच जातीचं संप्रेरक दिलं आणि मरताना त्या आपला डीएनए ठरावीक मापाच्या तुकड्यांत कापतात हे दाखवलं. एडिनबरोच्या उंदरात आणि राजूरच्या पोरात यंत्रणा एकच. रणदिव्यांनी हा धागा स्वतः असा मांडला होता असा माझा दावा नाही. पण पेशीला पोषण नसेल तर काय होतं हे आयुष्यभर काचेच्या भांड्यात पाहिलेल्या बाईने तेच मुलांत जाऊन मोजावं, ह्यात निवृत्ती कुठे आली?

दुसरं कारण मोठं आहे, आणि ह्या लेखाचं भांडण त्याच्याशीच आहे. ‘गरीब देशाला मूलभूत संशोधन परवडत नाही, आधी गावात दवाखाना काढा,’ असं म्हणणारा एक पक्ष आपल्याकडे कायम असतो. समोरचा पक्ष म्हणतो, ‘संशोधन होऊ द्या, फायदा यथावकाश खाली झिरपेल.’ पहिला पक्ष निदान प्रामाणिक तरी असतो. दुसऱ्याला झिरपण्याचा अनुभव विचारायला हवा. पाणलोटाचं काम नगर जिल्ह्याला शिकवायला नको: बांध घातला नाही तर पाणी झिरपत नाही, वाहून जातं.

बांध न घातलेल्या संशोधनाचं उदाहरण शेजारीच आहे. जामखेडहून खर्ड्याच्या बाजूने पुढे गेलं की भूम, परांडा, आणि मग बार्शी. बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 साली इथे सुरू झाली. कुठल्या गावात कुणाला कुठला कॅन्सर झाला ह्याची घरोघर जाऊन ठेवलेली वही. त्या वहीतून दिसलं की इथल्या बायकांना सर्वांत जास्त मारतो तो गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. हेन्रिएटाचाच. ऑक्टोबर 1999 पासून, डॉ. बी. एम. नेने ह्यांचं बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था ह्यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांवर एक चाचणी केली. गावांचे 52 पुंजके करून ते चार गटांत वाटले. एका गटात एकदाच एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, म्हणजे पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, तिसऱ्यात व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्याने पाहणं. चौथ्या गटाला तपासणी नाही, फक्त माहिती.

आठ वर्षांनी हिशेब झाला आणि एप्रिल 2009 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. एचपीव्हीची तपासणी झालेल्या 34,126 बायकांत ह्या कॅन्सरने 34 मृत्यू. तपासणी न झालेल्या 31,488 बायकांत 64. आयुष्यात एकदा केलेल्या एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. बाकीच्या दोन पद्धतींनी तसा फरक पडला नाही. ह्या निकालाचं वजन जगभर पडलं. 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेने पॅप स्मिअर किंवा व्हिनेगरऐवजी एचपीव्हीची तपासणीच पहिली करा असं सांगितलं, त्यामागच्या पुराव्यांत ह्या बायका आहेत.

त्या 64 जणींबद्दल वाद झाला आणि व्हायलाच हवा होता. ज्या देशात पॅप स्मिअर उपयोगी आहे हे माहीत आहे, तिथे एका गटाला काहीच न देता मरणं मोजणं नीतीला धरून आहे का? संशोधकांचं म्हणणं, इथे ‘नेहमीची सेवा’ म्हणजे काहीच नाही, हीच वस्तुस्थिती होती. वाद त्या चाचणीचा म्हणून झाला. पण ज्या दिवशी निकाल छापून आला त्या दिवसापासून ‘काहीच नाही’ हे उत्तर कुणालाही देता येणार नव्हतं. तरीही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे 2019 ते 2021 मध्ये, देशातल्या 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या किती निघाल्या? 1.9 टक्के. निकालानंतर दहा वर्षं अख्खा देश त्या चौथ्या गटातच राहिला, आणि ह्या प्रयोगासाठी कुठल्याही नीती समितीची परवानगी लागली नाही.

बाल्टिमोरला एका शेतमजूर घरच्या बाईचं शरीर वापरलं, ज्ञान जगात गेलं, तिच्या घरी आलं नाही. उस्मानाबादच्या बायकांना विचारून, समजावून काम झालं, हा फरक लहान नाही, मी तो पुसणार नाही. पण ज्ञानाची वाट तीच राहिली.

ज्ञान पोचत नाही तिथे त्याची भीती मात्र पोचते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी 2019 साली नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने केली, तेव्हा पाहणी केलेल्या 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. कारणांत पाळीत पडणारा खाडा आणि बुडणारी मजुरी आहे, लहान वयातली लग्नं आणि बाळंतपणं आहेत. पण पुन्हा पुन्हा पुढे आलेलं एक वाक्य असं: ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल.’ अंगावरून पांढरं जातंय म्हणून आलेल्या बाईला स्वॅब घेऊन विषाणू आहे की नाही हे सांगता आलं असतं. ते शास्त्र तिच्या गावापासून पन्नास-शंभर किलोमीटरवर सिद्ध झालेलं होतं. तिला मिळाला तो ‘कॅन्सर’ हा शब्द आणि सुरी. पाथर्डी-जामखेडच्या टोळ्या ह्याच फडांवर जातात; जिल्ह्याची हद्द पिशवीला कळत नाही.

मूळपेशींच्या, म्हणजे जाहिरातींतल्या स्टेम सेलच्या, बाबतीत हेच थोड्या श्रीमंत घरांत घडतं. शास्त्र असं आहे. ऊस तोडला म्हणजे ऊस संपला, असं नगर जिल्ह्यात कुणी म्हणणार नाही. जमिनीत बुडखा असतो आणि त्याला खोडवा फुटतो. 1994 साली टोरांटोच्या जॉन डिक ह्यांच्या गटाने रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये असा बुडखा दाखवला. लाखो कॅन्सरपेशींतल्या मोजक्याच अशा, की उंदरात घातल्या तर पुन्हा अख्खा रोग उभा करतात. बऱ्याच औषधांचा मारा वाढणाऱ्या पेशींवर असतो आणि ह्या गप्प बसून राहतात. केमोनंतर गाठ दिसेनाशी होऊन दोन वर्षांनी परत का येते, त्याचं हे एक उत्तर आहे. सगळ्या कॅन्सरना ते सारखं लागू पडत नाही. उलट बाजूने निरोगी मूळपेशी हाच इलाज होतो. रोगी अस्थिमज्जा पार मारून टाकायची आणि दात्याची नवी लावायची. 1983 साली टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवानींनी देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. अडवानी पोलिओमुळे लहानपणापासून व्हीलचेअरवर आहेत. कॉलेजने त्यांना मेडिकलला घ्यायला आधी नकार दिला होता.

इतकं ठोस शास्त्र हाताशी असताना बाजारात विकलं जातं वेगळंच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आणि तत्सम आजारांवरचं रक्तमूळपेशींचं प्रत्यारोपण एवढाच मान्य उपचार आहे, बाकी सगळं चाचणीच्या चौकटीतच करायचं. बाळाची नाळ पुढे त्याच्याच उपयोगी पडावी म्हणून पैसे भरून जपून ठेवण्यालाही शास्त्रीय आधार नाही, हे परिषदेने स्पष्ट सांगितलंय. कारणही साधं आहे: मुलाला पुढे रक्ताचा कॅन्सर झालाच, तर त्याची बीजं त्याच्या नाळेतल्या पेशींतही असू शकतात. मी पाहिलेल्या एका प्रसूतिगृहात मात्र हप्त्याहप्त्याने नाळ जपण्याची रंगीत पाटी होती आणि खाली लसीकरणाचा फाटका तक्ता.

मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळांवर राग काढायचा माझा हेतू नाही, उलट आहे. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मंजुरी मिळालेली नेक्सकार-19 ही आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून निघालेली थेरपी बघा. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत सोडायच्या, आणि त्या जाऊन रोगी पेशींत पानगळ सुरू करतात. परदेशात ह्याच धर्तीच्या उपचाराला तीन-चार कोटी लागत, ते इथे लाखांवर आलं. राजूरला तेही आकाशातलंच. पण रणदिव्यांनी पोषक माध्यम इथे बनवायचा हट्ट धरला नसता, पेशी जगवायची सवय ह्या देशाच्या हाताला लागली नसती, तर त्या उपचारासाठी आपण आजही फक्त परदेशी बिल भरत असतो. म्हणून ‘आधी दवाखाना, मग प्रयोगशाळा’ हे मला पटत नाही.

आणि एकाच माणसाला दोन्ही जमतं हे रणदिव्यांपुरतं नाही. टाटा मेमोरियलचे इंद्रनील मित्रा बरीच वर्षं म्हणतायत की पेशींची पानगळ पुस्तकात लिहिलीय तितकी स्वच्छ नसते. मरणाऱ्या पेशींतून डीएनएचे क्रोमॅटिन-कण बाहेर पडतात, निरोगी पेशींत शिरतात आणि तिथे बिघाड करतात, आणि केमो-किरणांनी मरणाऱ्या पेशीही त्याला अपवाद नाहीत. 2024 च्या फेब्रुवारीत हे कण निकामी करू पाहणाऱ्या गोळीची बातमी ‘कॅन्सरवर शंभर रुपयांची गोळी’ अशी झाली. गोळी कॅन्सर बरा करते असं सिद्ध झालेलं नव्हतं, मोठ्या चाचण्या बाकी होत्या, आणि तरी फोन खणखणले असणार. ती बातमी ज्यांनी वाचली त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक होतं की ह्याच मित्रांनी सुरेंद्र शास्त्रींसारख्या सहकाऱ्यांबरोबर 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये, दहावी शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन, दर दोन वर्षांनी व्हिनेगरने तपासणी करवली, आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबादेत व्हिनेगर एकदा लावून फरक पडला नव्हता. मुंबईत चार फेऱ्यांनी पडला. त्या चाचणीतही एक गट तपासणीविना होता आणि तोच वाद तिथेही झाला. पण द्रव्य तेच असताना फरक पडला तो माणसं आणि फेऱ्या ह्यांनी.

माणसं आणि फेऱ्या ह्यांचं शास्त्र तर नगर जिल्ह्याने जगाला दिलंय. 1970 साली रजनीकांत आणि मेबल आरोळे जामखेडला आले आणि लिहितावाचता न येणाऱ्या, बऱ्याचदा दलित घरांतल्या बायकांना त्यांनी गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या केलं. 1979 ला दोघांना मॅगसेसे मिळालं. डॉक्टरने धरून ठेवलेलं ज्ञान गावातल्या बाईच्या हाती देता येतं, हे जामखेडने पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवलं. आता तर एचपीव्हीचा नमुना बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो. डॉक्टरपुढे टेबलावर झोपायची लाज, जिच्यापायी बऱ्याच बायका येत नाहीत, तिचा प्रश्नच उरत नाही. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली एचपीव्हीची लस 2023 साली बाजारात आली, आणि 9 ते 14 वयाच्या मुलींना ती देण्याला उत्तेजन देऊ असं केंद्राने 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात सांगितलं. पण लस आजच्या पोरींना वाचवेल, त्यांच्या आयांना नाही. आयांसाठी तपासणीच.

तपासणीत अवघड भाग स्वॅब नसतो, दुसरी भेट असते. नमुना घेणं एका सकाळचं काम. निकाल घेऊन त्याच दारात परत जाणं, विषाणू निघालेल्या बाईला घाबरवून न सोडता पुढच्या इलाजापर्यंत नेणं, तिच्या सासूला समजावणं, हे काम. राजूरहून जिल्ह्याचं ठिकाण शंभराहून जास्त किलोमीटर आहे आणि ‘पुढच्या आठवड्यात या’ ह्याचा तिथे अर्थ ‘येऊ नका’ असा होतो. पाथर्डी-जामखेडच्या पट्ट्यात तर पंचांगच वेगळं. उचल घेतलेली टोळी दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडते ती उन्हाळ्यातच परतते. आषाढात तिचा नमुना घेतला असेल तर निकाल आणि गरज पडली तर इलाजही दसऱ्याच्या आत व्हायला हवा. त्यानंतर ती घरी नसते.